अनोळखी फ्रिक्वेन्सीचा पत्ता

अहिल्यानगरचं, म्हणजे आपल्या नगरचं, आकाशवाणी केंद्र एफएमवर १००.१ मेगाहर्ट्झला लागतं. भिंगारमधल्या एखाद्या घरात जुना काटेवाला रेडिओ या केंद्रावर लावला, की त्या रेडिओच्या आत आणखी एक फ्रिक्वेन्सी तयार होते, ११०.८ मेगाहर्ट्झची. ती बाहेरून कोणी पाठवत नाही. संचातला लोकल ऑसिलेटर, ज्याला कारागीर नुसतं 'एलओ' म्हणतात, ती बनवतो. अशा एफएम संचाची पुढची सगळी साखळी १०.७ मेगाहर्ट्झ या एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीवर चालते. ही झाली त्याची आयएफ. ११०.८ मधून १००.१ गेले की १०.७ उरतात. ही वजाबाकी जिथे होते तो भाग म्हणजे मिक्सर.

आता तीच वजाबाकी दुसऱ्या बाजूने करून पाहा. १२१.५ मधून ११०.८ गेले तरी १०.७च उरतात. १२१.५ मेगाहर्ट्झ ही विमानांसाठी जगभर राखून ठेवलेली संकटकाळची फ्रिक्वेन्सी आहे. म्हणजे नगर केंद्र ऐकणाऱ्या रेडिओतल्या मिक्सरला आकाशवाणीचं निवेदन आणि वैमानिकाची हाक यांतला फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या तोंडाशी आले तर दोन्हींचे तो १०.७ करून पुढे ढकलणार. मिक्सरच्या अलीकडे कॉइल आणि गँग (काट्याबरोबर फिरणारा कपॅसिटर) यांची ट्यून केलेली जोडी असते, ती १२१.५ला दाराबाहेर ठेवते, म्हणून आपल्याला फक्त आकाशवाणी ऐकू येते. या नको असलेल्या जुळ्या फ्रिक्वेन्सीला 'इमेज' म्हणतात.

११०.८ची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा. एलओची थोडी गळती मिक्सरमधून उलटी अँटेनाकडे जाते आणि साधा खिशातला रेडिओही नकळत एक छोटा ट्रान्समीटर बनतो. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून विमानात प्रवाशांना एफएम रेडिओ लावायला मनाई होती, त्यामागे हेच कारण होतं. घरी याचा अनुभव घेता येतो. दोन जुने काटेवाले एफएम संच शेजारी ठेवा. एकावर नगर केंद्र लावा. दुसऱ्याचा काटा हळूहळू ८९.४च्या आसपास फिरवा. ८९.४ आणि १०.७ मिळून १००.१ होतात, तेव्हा दुसऱ्या संचाचा एलओ नेमका नगर केंद्रावर येऊन बसतो आणि पहिल्या संचातलं गाणं दबून जातं. मोबाइलमधल्या किंवा नव्या डिजिटल चिपच्या रेडिओत हा प्रयोग जमणार नाही, त्यांची आयएफ वेगळी असते.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण आहे. मिक्सरचं सर्किट स्वतः बांधणारा माणूस, मग तो पॉलिटेक्निकचा विद्यार्थी असो की हौशी रेडिओवाला, पहिल्यांदा आउटपुट तपासतो तेव्हा त्याला हवी ती फ्रिक्वेन्सी दिसते, आणि तिच्यासोबत न बोलावलेल्या पाच-दहा दिसतात. कधी हवी तीच दिसत नाही आणि बाकीच्या सगळ्या दिसतात. मग सोल्डरिंग आयर्न तापतं, डायोड बदलले जातात, आयसी बदलला जातो, आणि शेवटी चांगला बोर्ड खराब होतो. माझं मत ठाम आहे: आयर्न सगळ्यात शेवटी. मिक्सरमधून निघालेल्या प्रत्येक अनोळखी फ्रिक्वेन्सीला पत्ता असतो, आणि तो कागदावर काढता येतो. बहुतेक वेळा मिक्सर बिघडलेला नसतोच. आत काय काय शिरलंय, ते तो खरं खरं सांगत असतो.

मुळात मिक्सर करतो काय? लग्नाच्या मांडवात साउंडवाल्याकडे असतो तो मिक्सर आवाजांची बेरीज करतो. रेडिओतला मिक्सर गुणाकार करतो, आणि हा फरक मूलभूत आहे. हार्मोनियमचे दोन सूर जरासे बेसुरे झाले की आवाज लाटांसारखा वरखाली होतो, पण हवेत तिसरा सूर आलेला नसतो. दोनच सूर एकमेकांना कधी साथ देतात, कधी छेद देतात. बेरजेतून नवी फ्रिक्वेन्सी जन्मत नाही. दोन लहरींचा गुणाकार झाला तरच त्यांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन नव्या फ्रिक्वेन्सी मिळतात. आणि गुणाकारासाठी असा भाग लागतो, जो आत जाईल त्याच्या प्रमाणात बाहेर सोडत नाही. डायोड तसा आहे, ट्रान्झिस्टर तसा आहे. गंजलेला अँटेनाचा बोल्टही तसाच आहे, हे गच्चीवर अँटेना लावणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

१९०१ साली रेजिनाल्ड फेसेंडन यांनी दोन फ्रिक्वेन्सींमधला फरक ऐकण्याची कल्पना मांडली. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागात असलेल्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी तिच्यावर सुपरहेटरोडाइन रिसीव्हर उभा केला: येईल ती फ्रिक्वेन्सी आधी एका ठरावीक आयएफवर आणा आणि मग निवांतपणे वाढवा. घराघरातला ट्रान्झिस्टर पुढची कित्येक दशकं याच कल्पनेवर चालला.

तिचा लष्करी अवतार भिंगारकरांच्या अगदी शेजारी उभा आहे. इथल्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ साली सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धातले व्हॅलेंटाइन आणि चर्चिल रणगाडे आहेत. त्या काळच्या ब्रिटिश रणगाड्यांत 'वायरलेस सेट नंबर १९' असायचा. त्याचा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्याची आयएफ होती ४६५ किलोहर्ट्झ. संच बनवणाऱ्यांनी एक सुंदर युक्ती केली होती. ऐकताना जो एलओ वापरायचा, तोच बोलताना ४६५ किलोहर्ट्झशी मिसळून पाठवायची फ्रिक्वेन्सी तयार करायची. त्यामुळे ऐकण्याची आणि बोलण्याची जागा आपोआप एकच राहायची, धक्के खात चाललेल्या रणगाड्यात दोनदा ट्यूनिंग करावं लागायचं नाही. पण मिक्सर बोलतानाही मिक्सरच. हव्या फ्रिक्वेन्सीच्या ४६५ किलोहर्ट्झ वर स्वतः एलओ, आणि त्याच्याही ४६५ वर त्यांची बेरीज, दोन्ही तिथे तयार होणारच. त्यांना पुढच्या ट्यून केलेल्या सर्किटांनी गाळायचं. म्हणजे नको असलेलं आउटपुट तेव्हाही होतं, फक्त रचनाकाराला ते आधीच ठाऊक होतं.

न कळलेली इमेज कशी ऐकू येते, याचं मीडियम वेव्हवरचं उदाहरण मला फार आवडतं. बेंगळुरू केंद्र ६१२ किलोहर्ट्झवर, २०० किलोवॉटचं. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, केंद्र १५२१ किलोहर्ट्झवर, अवघ्या एक किलोवॉटचं, पण भिंगारपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर. ट्रान्झिस्टरची मीडियम वेव्हवरची आयएफ ४५५ किलोहर्ट्झ. रात्री बेंगळुरू लावलं की एलओ येतो ६१२ अधिक ४५५, म्हणजे १०६७वर. आता १५२१ मधून १०६७ वजा करा: ४५४. बेंगळुरूचे ४५५ आणि औरंगाबादचे ४५४ एकाच आयएफमध्ये शिरले, तर डिटेक्टरनंतर त्यांच्यातल्या एका किलोहर्ट्झच्या फरकाची शिटी ऐकू येते. ऐकणारा म्हणतो, बेंगळुरूवर दुसरं स्टेशन चढलंय. खरं तर दुसरं स्टेशन डायलच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

हे ओळखायचं कसं? काटा किंचित हलवा. एलओ अर्धा किलोहर्ट्झ वर गेला की बेंगळुरूचे ४५५चे ४५५.५ होतात आणि औरंगाबादचे ४५४चे ४५३.५. फरक एकाचा दोन किलोहर्ट्झ झाला, शिटी बारीक झाली. शेजारशेजारची दोन खरी स्टेशनं एकमेकांवर आदळत असती, तर काटा हलवल्यावर दोन्ही एकाच दिशेने तेवढीच सरकली असती आणि शिटीचा सूर तोच राहिला असता. काट्याबरोबर सूर बदलतो ती शिटी तुमच्याच संचात तयार झालेली आहे. ना मीटर लागला, ना स्कोप. नुसत्या कानाने मिक्सरचं निदान झालं.

हीच युक्ती टेबलावरच्या सर्किटला लावायची, फक्त नीट मांडून. समजा, ७.१ मेगाहर्ट्झचा सिग्नल आत दिला आहे, एलओ १६.१चा आहे, आणि ९.० मेगाहर्ट्झची आयएफ हवी आहे. चार डायोडच्या रिंगचा मिक्सर आहे. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर, हल्ली मिळणारा छोटा टायनीएसए असला तरी चालेल, ९.० दिसतं. बेरजेचं २३.२ दिसतं, ते अपेक्षितच. पण ५.२वरही एक ठसठशीत रेघ आहे. ती कुठली?

डायोडची रिंग एलओच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला सिग्नल सुलटा-उलटा करते. म्हणजे ती सिग्नलला साध्या साइन लहरीने नाही, चौकोनी लहरीने गुणते. चौकोनी लहरीत मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिची तिप्पट, पाचपट अशा विषम पटी असतात. तिप्पटीची उंची मूळच्या एकतृतीयांश, म्हणजे जेमतेम साडेनऊ डेसिबल खाली. सिग्नल जास्त जोरात असेल तर सिग्नलच्याही पटी तयार होतात. म्हणून खऱ्या मिक्सरमधून निघणारी प्रत्येक फ्रिक्वेन्सी 'एलओची अमुक पट अधिक किंवा उणे सिग्नलची तमुक पट' अशी लिहिता येते. दोन पूर्णांक सापडले की पत्ता सापडला.

ते शोधायला अंदाज बांधत बसायची गरज नाही. सिग्नल एक किलोहर्ट्झने वर न्या. ९.००० खाली ८.९९९ होईल, कारण तिथे सिग्नल वजा होतो. आता ५.२०० कडे पाहा. ती ५.२०३ झाली, तर तिच्यात सिग्नलची तिप्पट आहे, आणि अधिक चिन्हाने आहे. सिग्नल पुन्हा जागेवर आणा आणि एलओ एक किलोहर्ट्झने वर न्या. ती ५.१९९ झाली, तर एलओ एकदाच आहे आणि वजा आहे. पडताळा घ्या: ३ × ७.१ − १६.१ = ५.२. जुळलं. एखादी रेघ सिग्नल हलवून हलत नाही आणि एलओ हलवूनही हलत नाही, तर ती मिक्सरची नाहीच. शेजारचा मोबाइल चार्जर, एलईडी दिवा, कॉम्प्युटर, किंवा थेट आयएफवर घुसलेलं एखादं स्टेशन, यांकडे पाहा.

पत्ता कळला. आता ती का जोरात आहे, हे विचारायचं. त्यासाठी इतकं स्वस्त दुसरं हत्यार मला ठाऊक नाही: तीन रेझिस्टरांचा अॅटेन्युएटर. मधे ६८ ओहम, दोन्ही टोकांना ग्राउंडकडे १००-१०० ओहम, झाला ५० ओहमच्या लाइनसाठी जवळजवळ १० डेसिबलचा पॅड. तो सिग्नलच्या वाटेत घाला. ९.०ची रेघ १० डेसिबल पडेल. ५.२ची रेघही दहाच पडली, तर ती सिग्नलच्या एकपटीची आहे आणि तुमचा हिशेब कुठेतरी चुकतोय. ती वीस पडली तर दुप्पटीची, तीस पडली तर तिप्पटीची. सिग्नलच्या तिप्पटीच्या रेघा इनपुट थोडा कमी केला तरी धाडकन कोसळतात. तेव्हा उपाय उघड आहे: मिक्सरवर सिग्नल जास्त पडतोय, कमी करा. दोन जोरदार स्टेशनांनी मिळून तयार केलेलं तिसरं भुताटकीचं स्टेशनही याच परीक्षेने ओळखता येतं. पॅड घातल्यावर खरं स्टेशन थोडं मंद होतं, खोटं पार नाहीसं होतं.

काही नको असलेल्या रेघा मात्र बाहेरून आत आलेल्या खऱ्या सिग्नलच्याच असतात, आणि तिथे दोष इनपुट फिल्टरचा असतो. वरच्याच मांडणीत ११.६ मेगाहर्ट्झचा सिग्नल आत आला तर काय होईल? १६.१ची दुप्पट ३२.२, ११.६ची दुप्पट २३.२, फरक बरोबर ९.०. रात्री ११.६च्या आसपास परदेशी शॉर्टवेव्ह केंद्रांची गर्दी असते. हिला आयएफच्या अर्ध्या अंतरावरची चोरवाट म्हणावं, कारण ११.६ हे एलओपासून नेमकं साडेचार मेगाहर्ट्झवर आहे. मिक्सरचा तोल, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचा सारखेपणा, चांगला असेल तर सम पटी आपोआप कापल्या जातात आणि ही वाट जवळपास बंद असते. ती उघडी दिसली, तर फिल्टरबरोबर मिक्सरचा तोलही तपासावा. त्याउलट थेट ७ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या डायरेक्ट कन्व्हर्जन संचात तोल कितीही चांगला असला तरी एलओची तिप्पट राहतेच: ७.०५ × ३ = २१.१५. म्हणून ७ मेगाहर्ट्झ ऐकताना २१ मेगाहर्ट्झवरचे हौशी लोक ऐकू येतात. एसआय५३५१ सारखी चौकोनी लहर देणारी चिप एलओला वापरली की अनेक जण दोष तिला देतात, पण साइन दिली तरी डायोड तिची चौकोनीच करतात. इथे इलाज एकच, मिक्सरच्या आधी बँडपास फिल्टर.

कधी अनपेक्षित असतं ते आउटपुट नसणं, किंवा फार कमी असणं. तेव्हा पहिली शंका एलओवर घ्यावी. चार डायोडच्या नेहमीच्या मिक्सरला +७ डीबीएम एलओ लागतो. ५० ओहमवर हे ५ मिलिवॉट, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सुमारे १.४ व्होल्ट. एवढा मिळाला तर मिक्सर साधारण साडेपाच-सहा डेसिबल सिग्नल खातो, आणि सिद्धांतानुसारही जवळपास चार डेसिबल जातातच. तो त्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. एलओ अर्धवट मिळाला तर डायोड पुरते उघडत नाहीत, तोटा वाढतो आणि भलत्या रेघाही वाढतात. एनई६०२ किंवा एसए६१२ या आठ पायांच्या आयसीचं याच्या अगदी उलट. त्याला एलओ २०० ते ३०० मिलिव्होल्ट पुरे. डायोडवाला एलओ जसाच्या तसा त्याला जोडला की स्पेक्ट्रमभर काटेरी कुंपण उभं राहतं. त्याला ८ व्होल्टपर्यंतच सप्लाय चालतो, ९ व्होल्टची बॅटरी सरळ लावू नये. आणि अँटेनावरून काही मिलिव्होल्ट आले तरी तो दबू लागतो, हा त्याचा खरा कमकुवतपणा.

आता एक जागा, जिथे अनुभवी लोकही फसतात. मिक्सरच्या पुढे क्रिस्टल फिल्टर असतो. तो ९ मेगाहर्ट्झच्या भोवती काही किलोहर्ट्झपुरताच नीट जुळतो, २३.२ला तो भिंतीसारखा असतो. बेरजेची ती सगळी ऊर्जा भिंतीवर आपटून परत मिक्सरमध्ये येते, एलओच्या दुप्पटीशी मिसळते आणि पुन्हा ९.० होऊन बाहेर पडते, पण फेज बदलून. मग तोटा भलताच दिसतो, वायर दोन इंच लांब केली तरी आकडे बदलतात, आणि बांधणारा वैतागतो. मिक्सर आणि फिल्टरच्या मधे ३ किंवा ६ डेसिबलचा पॅड घालून पाहावा. आउटपुट शहाण्यासारखं वागू लागलं, तर निदान झालं. कायमचा उपाय म्हणून तिथे डिप्लेक्सर बसवता येतो, जो ९ मेगाहर्ट्झ पुढे जाऊ देतो आणि बाकीच्यांना ५० ओहमच्या रेझिस्टरमध्ये जिरवतो. पॅडने सिग्नल थोडा कमी होतो हे खरं, पण ७ मेगाहर्ट्झवर वातावरणातला गोंगाटच इतका असतो की कानाला ते जाणवत नाही.

या हिशेबाचं भारतातलं एक जाहीर उदाहरण आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी बनवलेला बिटएक्स हा हौशी रेडिओसंच जगभर बांधला जातो. त्याचं सर्किट त्यांनी सर्वांसाठी खुलं ठेवलं. त्यांच्या पुढच्या 'मायक्रोबिटएक्स' या संचात पहिली आयएफ ४५ मेगाहर्ट्झची आहे. २८ मेगाहर्ट्झवर बोलताना एलओ ७३चा. ७३ मधून ४५ गेले, २८ उरले. सुरुवातीच्या बोर्डांवर मात्र १७ मेगाहर्ट्झलाही रेघ दिसायची. ४५ची दुप्पट ९०, त्यातून ७३ गेले की १७. म्हणजे दोष मिक्सरचा नव्हता. मिक्सरच्या अलीकडचा अॅम्प्लिफायर ४५ची दुप्पट तयार करत होता, आणि मिक्सर तिचाही इमानदारीने हिशेब करत होता. २१ मेगाहर्ट्झवर बोललं की हीच रेघ २४ला यायची. बांधणाऱ्यांनी मोजमापं करून ती एकमेकांना कळवली, ९० मेगाहर्ट्झ अडवणारे उपाय सुचवले, आणि पुढच्या आवृत्तीत रचना सुधारली गेली. विज्ञान असंच पुढे जावं असं मला वाटतं. एक गोष्ट इथेच सांगतो. ऐकणारा संच वेगळा आणि बोलणारा वेगळा. ट्रान्समीटर चालवायला केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा हौशी रेडिओ परवाना लागतो. भिंगारसारख्या, लष्करी छावणीला चिकटून असलेल्या गावात तर त्याशिवाय अँटेनाला एक मिलिवॉटही देऊ नये.

नगरहून कल्याण रस्त्याने आळेफाट्याला गेलं आणि पुण्याकडे वळलं की नारायणगाव लागतं. त्याच्याजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. तिथे मिक्सरचा प्रश्न टोकाला जातो, कारण आकाशातून येणारा सिग्नल कल्पनेपलीकडे क्षीण असतो; त्याच्या मोजमापाचं एकक, जान्स्की, म्हणजे दर चौरस मीटरला दर हर्ट्झला एक वॉटचा दहाच्या सव्विसाव्या घाताने भागलेला भाग. तिथे एलओची गळती म्हणजे नुसती खोटी रेघ नव्हे, आख्खा खोटा तारा. मूळ रचनेत प्रत्येक तबकडीपाशी मिक्सर होते. दोन ध्रुवणांचे सिग्नल तिथेच १३० आणि १७५ मेगाहर्ट्झवर आणून ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत पाठवले जायचे. नव्या, सुधारित रचनेत आकाशातून आलेला रुंद पट्टा तबकडीपासून जसाच्या तसा फायबरवर चढतो आणि मिक्सिंग मध्यवर्ती इमारतीत होतं. मिक्सर कुठे ठेवायचा हाही एक निर्णय असतो, हे यातून नीट दिसतं.

अशा दुर्बीणजाळ्यांत वापरली जाणारी एक पद्धत मला या सगळ्या विषयाचा कळस वाटते. प्रत्येक तबकडीच्या एलओची फेज ठरावीक क्रमाने उलटसुलट करायची, आणि शेवटी त्याच क्रमाने ती पुन्हा सरळ करायची. आकाशातून आलेला सिग्नल दोनदा उलटून जागेवर येतो. मिक्सरनंतर वाटेत कुठून घुसलेला खोटा सिग्नल मात्र एकदाच उलटतो, आणि सरासरी काढली की शून्याकडे जातो. एलओ हलवून अनोळखी रेघेला पत्ता विचारायची आपली टेबलावरची युक्ती आणि ही, दोघींचं मूळ एकच आहे.

तपासणाऱ्या उपकरणावर आंधळा विश्वास ठेवू नये. स्कोपची दहापट प्रोब लावली तरी तिचे बारा-एक पिकोफॅरड १६ मेगाहर्ट्झला ८०० ओहमसारखे भार टाकतात. एकपट प्रोबचे शंभर पिकोफॅरड तर शंभर ओहमच. प्रोब लावल्यावर ऑसिलेटर सरकला किंवा बंद पडला, तर तो प्रोबने पाडलाय. संगणकाला लावायच्या स्वस्त आरटीएल रेडिओ डोंगलचा स्वतःचा क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपटीला, म्हणजे बरोबर १४४.० मेगाहर्ट्झला, काहीही न जोडता रेघ दिसू शकते. केंद्राचा मनोरा जवळ असेल तर १००.१चा जोरदार सिग्नल डोंगललाही दाबतो आणि पडद्यावर स्टेशनांच्या सावल्या पडतात. म्हणून आधी उपकरणाचं इनपुट काढून ५० ओहमने बंद करा. तरीही दिसते ती रेघ उपकरणाची. मग १० डेसिबलचा पॅड उपकरणाच्या तोंडाशी लावा. तिथे तीस डेसिबल पडते ती रेघही उपकरणाचीच.

एवढं सगळं झालं आणि तरीही मिक्सरच्या आउटपुटला एलओच प्रचंड दिसतोय, तर आता आयर्न तापवायला हरकत नाही. आधी डायोड बघा. रिंगमध्ये चारही डायोड एकाच दिशेने, एकामागोमाग एक असतात. पॉवर सप्लायच्या ब्रिजमध्ये तसे नसतात. सवयीने ब्रिज जोडला गेला असेल तर मिक्सर कधीच चालणार नाही. मग मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर चारही तपासून पाच-एक मिलिव्होल्टच्या आत जुळणारे निवडा. बोटाने धरलेला डायोड तापतो आणि प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्ट खाली जातो, म्हणून चिमट्याने धरा आणि थोडं थांबा. त्यानंतर टोरॉइड. तीन तारा पिळून गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मधल्या टॅपसाठी एका तारेची सुरुवात दुसऱ्या तारेच्या शेवटाला जोडायची असते. दोन्ही सुरुवाती जोडल्या गेल्या की तोल संपला. कंटिन्युइटी तपासून टोकं अदलाबदल करा. सिग्नलचा पोर्ट ५० ओहमने बंद करा, +७ डीबीएम एलओ द्या आणि आयएफ पोर्टवरची गळती मोजा. हाताने गुंडाळलेल्या रिंगमध्ये १६ मेगाहर्ट्झला ती −२५ डीबीएमच्या खाली आली, की मिक्सरचं काम झालं. उरलेला एलओ गाळणं हे पुढच्या फिल्टरचं काम.